भाड्याचा डाव

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यूएफओ ५०’ नावाचा एक गेमसंच बाजारात आला. मॉसमाउथ या लहानशा चमूने तो बनवला. त्यात पन्नास खेळ आहेत आणि ऐंशीच्या दशकातल्या एका विसरल्या गेलेल्या कंपनीने ते स्वतःच्या यंत्रासाठी बनवले होते, अशी त्यामागची बतावणी आहे. अशी कंपनी कधी नव्हती आणि तसं यंत्रही नव्हतं. तरी प्रत्येक खेळाला साल दिलेलं आहे, सुरुवातीचे खेळ ओबडधोबड आणि पुढचे सफाईदार ठेवले आहेत. खोट्या भूतकाळावर इतकी मेहनत घेणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं. मात्र नागपुरातल्या चाळिशीकडे झुकलेल्या वाचकाला ही मांडणी नवी वाटू नये. पडद्यावर खेळांची लांबलचक यादी आणि त्यातून आपला खेळ निवडायचा, हे या शहराने नव्वदच्या दशकात पाहिलेलं आहे. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. आत खरे खेळ काही डझनच. पुढे तेच पुन्हा, कुठे मारिओ थेट चौथ्या जगातून सुरू होई, कुठे ‘कॉन्ट्रा’त तीस लाइफ मिळत. आकडा थापेचा होता, पण कॅसेट खरी होती, यंत्र खरं होतं आणि ज्या दुकानांत ते चालत ती दुकानंही खरी होती. त्यांचा इतिहास रचायला मात्र अजून कुणी बसलेलं नाही.

जुन्या व्हिडिओ गेमांविषयी आज जे लिहिलं-बोललं जातं आणि ‘रेट्रो’ म्हणून जे विकलं जातं, ती बहुतांशी मालकांची आठवण आहे. घरात निन्टेन्डो होता, वाढदिवसाला नवा खेळ मिळाला, सुट्टीत तो एकट्याने संपवला, असं ते बालपण. नागपूरचा व्हिडिओ गेम भाडेकरूंचा होता. इथे खेळ विकत घेतला जात नसे. वेळ विकत घेतला जाई, कधी रुपयाच्या नाण्याने, कधी अर्ध्या तासाच्या हिशेबाने. कोणते खेळ या शहरात रुजले, ते कसे खेळले गेले, कोण आत आलं आणि कोण दाराबाहेर राहिलं, हे सगळं या एका गोष्टीने ठरवलं. म्हणून इथला इतिहास कन्सोलांच्या वंशावळीतून लिहायला गेलं तर हाती काही लागणार नाही. तो भाड्याच्या हिशेबातूनच लिहावा लागेल, एवढं माझं म्हणणं आहे.

आधी किमतीचं पाहू. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आला आणि पुढे त्याच्या सर्व रूपांत मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रं जगभर विकली गेली. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने, आणि दूरचित्रवाणी संच मध्यमवर्गीय घरात स्थिरावायला दशकाचा उत्तरार्ध उजाडला. त्या संचाला जोडायचं खेळाचं यंत्र ही त्यानंतरची चैन. अधिकृत मार्गाने जे आलं ते आवाक्याबाहेर होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सेगाचं मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेसने भारतात आणलं. मद्यासाठी ओळखली जाणारी कंपनी मुलांचं खेळणं विकायला निघाली, यातच त्या व्यवहाराचं नवखेपण दिसतं. किंमत होती सुमारे १८ हजार रुपये, म्हणजे साध्या कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. लोकांपर्यंत पोहोचल्या त्या फॅमिकॉमच्या नकला: मीडिया कंपनीचा ‘लिटल मास्टर’, मग टर्मिनेटर आणि नंतर नाव बदलत आलेली असंख्य भावंडं. नकला स्वस्त होण्याचं कारण तांत्रिक आहे. सुरुवातीच्या यंत्रांत वेगवेगळ्या चिपा असत. पुढे पूर्व आशियातल्या कारखान्यांनी सगळं यंत्र एका चिपेत कोंबलं आणि ती काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली झाकून टाकली. किंमत कोसळली. पण तोवर नागपूरच्या पोरांना खेळायचं कसं ते ठाऊक झालेलं होतं, आणि ते त्यांना दुकानात ठाऊक झालं होतं.

या शहराला भाड्याच्या करमणुकीची सवय जुनीच. सायकल तासाने मिळे, कॉमिक्स दिवसाने मिळत, व्हिडिओ कॅसेट रात्रीपुरती मिळे आणि सोबत हवा तर व्हीसीआरही. व्हिडिओ गेम याच रांगेत येऊन उभा राहिला. यात नागपूरचं हवामानही आलं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी मैदानावर कुणी फिरकत नाही, आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या बरंच नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. इतकी लांब सुट्टी आणि इतकी कडक दुपार ज्या गावाच्या वाट्याला आली, तिथे कूलर लावलेली अंधारी खोली आणि तिच्यातली चार मशीनं यांना गिऱ्हाइकाची वाण कशी पडणार? संध्याकाळी क्रिकेट होतंच. दुपार मात्र पार्लरची.

पार्लरमधलं मशीन म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. बाहेरची पेटी बहुधा सुताराने प्लायवूडची ठोकलेली, आत नळीचा टीव्ही आणि त्याच्या खाली हिरव्या बोर्डावर बसवलेला खेळ. बोर्डाच्या कडेला छप्पन्न संपर्कांची एक पट्टी असते. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांनी ही जोडणी एकसारखी केली, आणि त्यामुळे तीच पेटी, तोच टीव्ही, तीच दांडी ठेवून केवळ बोर्ड बदलून नवा खेळ लावता येऊ लागला. लहान शहरातल्या दुकानदाराला हा धंदा परवडला तो याच सोयीमुळे. बऱ्याच बोर्डांवर छोट्या स्विचांची एक ओळही असते. खेळ किती अवघड ठेवायचा, किती लाइफ द्यायच्या, किती नाण्यांत एक डाव, हे मालकाला तिथे ठरवता येतं. खेळणारा पोरगा राक्षसाशी लढत असतो, पण खरी लढत चालू असते ती मालकाशी. एखादा पट्टीचा खेळाडू एका रुपयात पाऊण तास मशीन अडवून बसला तर त्या पाऊण तासाचं उत्पन्न तेवढंच, एक रुपया. मग पेटी उघडून स्विच सरकवायचा आणि खेळ कठीण करायचा. खेळ कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो, ती सीमारेषा इतकी उघडी क्वचितच पाहायला मिळते.

आता खेळांची निवड पाहा. ज्या खेळांची नावं आजही पटकन निघतात त्यांत कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ फार वर आहे. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून पोट्ट्यांनी त्याला ‘मुस्तफा’ म्हटलं आणि तेच नाव देशभर चाललं. त्याच्या जोडीला ‘स्ट्रीट फायटर २’, एसएनकेचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’, ‘मेटल स्लग’, ‘स्नो ब्रॉस’. यांत एक सूत्र आहे. हे सगळे खेळ दोघांनी किंवा तिघांनी मिळून खेळायचे, किंवा एकमेकांविरुद्ध खेळायचे आहेत. डाव छोटा, नियम पाहताक्षणी कळणारे, आणि इंग्रजी वाचता आलं नाही तरी काही अडत नाही. त्याच काळात जपान-अमेरिकेत ज्यांनी खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या ते ‘झेल्डा’ किंवा ‘फायनल फँटसी’ या शहरात जवळपास अनोळखी राहिले, कारण चाळीस तास चालणारी, प्रगती साठवून ठेवावी लागणारी कथा भाड्याच्या वेळेत बसतच नाही. अर्ध्या तासाने उठावं लागणाऱ्याला खजिना दडवून काय उपयोग? शिवाय वीज गेली की सगळंच पहिल्यापासून.

भाड्याने खेळण्याची रीतही घडवली. एक खेळणार आणि पाचजण मागे उभे राहून पाहणार, हा पार्लरचा नेहमीचा देखावा. ज्याच्या खिशात रुपया नाही तोही प्रेक्षक म्हणून हजर. कुठल्या वळणावर पिंप फोडलं की जेवण मिळतं, कोणत्या मोठ्या शत्रूच्या कुठल्या बाजूला उभं राहावं, हे ज्ञान असं फुकटात पसरे. आज एखादा तरुण दुसऱ्याचा खेळ मोबाइलवर तासन्‌तास पाहत बसतो तेव्हा वडीलधाऱ्यांना त्याचं नवल वाटतं. नागपूरच्या पार्लरांत हे तीस वर्षांपूर्वी चालत होतं, फक्त उभ्याने.

जुन्या धाटणीच्या नव्या इंडी खेळांशी तुलना केली की फरक नीट कळतो. ‘शॉव्हेल नाइट’ २०१४ चा, ‘सेलेस्ट’ २०१८ चा. दोन्ही उत्तम, आणि जाडसर ठिपक्यांच्या चित्रांवर दोन्ही उभे आहेत. पण ‘सेलेस्ट’मध्ये मेलात की क्षणात तिथेच पुन्हा उभे राहता, शेकडो वेळा मरणं हा त्या खेळाचा भागच आहे आणि त्याला काही मोल पडत नाही. रूप जुनं आहे, अर्थकारण मालकाचं आहे. पार्लरमध्ये मरणाला किंमत होती. पडद्यावर नऊ, आठ, सात असे आकडे उतरत असत आणि तेवढ्यात खिशातून दुसरा रुपया काढायचा की जागा सोडायची हे ठरवावं लागे. खेळताना हात कसा चालतो, माणूस किती धोका पत्करतो, सोबत्यावर किती चिडतो, हे त्या रुपयाने ठरत असे. पार्लरच्या जवळ जाणारे नवे खेळ म्हणजे ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ किंवा २०२२ मधला निन्जा कासवांचा ‘श्रेडर्स रिव्हेंज’. सहा जणांनी एका पडद्यावर हाणामारी करायची सोय या दुसऱ्यात आहे. तेवढा गोंगाट झाला की खेळ ओळखीचा वाटू लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सगळा चोरीचा माल होता, त्याचा इतिहास कसला लिहायचा? चोरीचा होता हे खरंच. कॅसेटी नकली, बोर्डही पुष्कळदा नकली, आणि ज्यांनी खेळ बनवले त्यांच्या हाती या शहरातून छदाम गेला नाही. पण कायद्याच्या बाजूने बोलायचं तर पूर्ण हिशेब मांडावा. ज्या वर्षांत ही दुकानं भरत होती त्या वर्षांत बहुतेक खेळ इथे सरळ मार्गाने विकायला कुणी आलेलंच नव्हतं. आणि आजही परिस्थिती फार वेगळी नाही. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवर बेतलेला आहे, म्हणजे त्याचे हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत. हा पार्लरचा खेळ घरगुती यंत्रासाठी कधीच अधिकृतपणे निघाला नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा संच काढला. त्यात ‘कॅप्टन कमांडो’ आहे, ‘नाइट्स ऑफ द राउंड’ आहे, मुस्तफा नाही. म्हणजे नागपूरचा बहुधा सर्वाधिक आवडता पार्लरचा खेळ पैसे मोजूनही कायदेशीर मिळत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये जाहीर केलं की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात उपलब्ध नाहीत. बाजाराने टाकून दिलेलं जर नकलांनी आणि जुन्या बोर्डांनी जिवंत ठेवलं असेल, तर त्या नकला हा पुरावा आहे. पुराव्याचं चारित्र्य पाहून इतिहासकार त्याला दाराबाहेर ठेवत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्यात अधिक दम आहे. पार्लर म्हणजे शाळा बुडवण्याची जागा, सिगारेटचा धूर आणि आतल्या खोलीत जुगार, असं आई-वडिलांचं मत होतं आणि ते हवेतून आलेलं नव्हतं. व्हिडिओ गेमच्या परवान्यावर पैशांची मशीनं चालवण्याचे प्रकार या राज्यात झाले आणि होतात. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम चालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परवान्याचं बंधन उचलून धरलं. महाराष्ट्रात जुगाराचा कायदा आहे १८८७ चा. लाकडी पेटीतल्या बोर्डाची कल्पनाही तेव्हा कुणाला असणं शक्य नव्हतं. गोंधळ असा झाला की हातातल्या कौशल्यावर चालणारा खेळ आणि यंत्राच्या मर्जीवर पैसे देणारा खेळ एकाच पाटीखाली आले, आणि बदनामी दोघांची झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला तेव्हा कुठे पैशाचा खेळ, ई-स्पोर्ट्स आणि साधा करमणुकीचा खेळ यांना वेगवेगळी नावं मिळाली. पार्लरांना ती तीस वर्षं आधी मिळायला हवी होती.

मात्र याच आक्षेपाच्या पोटात एक दोष आहे ज्याचा बचाव करता येत नाही. पार्लरमध्ये मुली जवळपास नव्हत्या. अंधारी खोली, गर्दी, शिवीगाळ आणि ‘तिथं चांगल्या घरची पोरगी जात नाही’ हा पहारा. ज्या मुलींनी व्हिडिओ गेम खेळला त्यांनी तो घरी, भावाच्या नंतर, उरलेल्या वेळात खेळला. ‘डक हंट’ची बंदूक आणि ‘सर्कस’ची उडी हा त्यांचा व्हिडिओ गेम, मुस्तफा त्यांच्या ऐकण्यातला. भाड्याच्या खेळाने गरीब पोराला दार उघडलं हे मी मान्य करतो, किंबहुना माझ्या मांडणीचा तो गाभाच आहे. पण तेच दार अर्ध्या गावासाठी बंद होतं, आणि जो कुणी हा इतिहास लिहायला घेईल त्याने पार्लरचे गोडवे गाताना हे पहिल्या पानावर नोंदवावं. नकली घरगुती यंत्राचं महत्त्व इथेच वाढतं. ते कितीही तकलादू असो, त्याने खेळ उंबऱ्याच्या आत आणला.

तिसरा आक्षेप: यात नागपूरचं असं काय आहे? हेच अमरावतीत झालं, कानपुरात झालं, इंदुरात झालं. झालं, आणि म्हणूनच तर ते महत्त्वाचं आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात, त्या शहराला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा आणि दिल्लीच्या पालिका बाजारातला माल सारखाच लांब आणि सारखाच जवळ. सीताबर्डीच्या बाजारात जे मिळे ते कुणा कंपनीने ठरवून पाठवलेलं नसे. ज्याने त्याने गाठोड्यात आणलेलं असे. भारतातल्या व्हिडिओ गेमांची कथा सांगताना मात्र मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांची नावं येतात. मुंबईची इंडियागेम्स १९९९ ची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. ‘राजी’ देखणा आहे, त्यातली वास्तू आणि भित्तिचित्रं आपली आहेत. खेळण्याची रीत मात्र ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या घराण्यातली. याचा दोष त्या चमूला देण्याचं कारण नाही. पण आपले इंडी निर्माते भूतकाळ शोधायला निघाले की थेट पुराणांपर्यंत जातात आणि वाटेतली ती कूलरवाली खोली त्यांना दिसत नाही, हे काही बरं लक्षण नव्हे.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येते. २००० नंतर सायबर कॅफे आले, ताशी भाडं तेच राहिलं आणि ‘रोड रॅश’, ‘व्हाइस सिटी’, ‘काउंटर स्ट्राइक’ ही नवी नावं आली. हिंगणा रोडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या आसपास कॅफेवाल्यांनी त्यावर बरी कमाई केली. मग स्मार्टफोन आला, खेळ फुकट झाला आणि भाड्याचा धंदा बसला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर पार्लरांवरचं राज्याचं करमणूक शुल्कही संपलं.

उरला प्रश्न जपणुकीचा, आणि त्याला मुदत आहे. ‘डक हंट’ची बंदूक नळीच्या टीव्हीवरच चालते: चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशाचा संवेदक तो टिपतो. सपाट टीव्हीला चित्र उमटवायला होणारा उशीर या हिशेबात बसत नाही, म्हणून यंत्र ठेवलं आणि टीव्ही भंगारात दिला तर बंदूक निव्वळ प्लॅस्टिक. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात आणि बर्लिनच्या संगणक-खेळ संग्रहालयात अशी यंत्रं चालू स्थितीत ठेवण्यावर माणसं राबतात. नागपुरात १८६३ पासूनचा अजब बंगला आहे, १९९२ पासूनचं रमण विज्ञान केंद्र आहे. यांपैकी एकाने प्लायवूडची एक पेटी, एक टर्मिनेटर, नळीचा एक टीव्ही आणि पिवळ्या कॅसेटींचा एक डबा मिळवावा आणि हे सगळं काचेआड न ठेवता लोकांना खेळू द्यावा. ज्यांनी पार्लर चालवली ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे परवान्याचे कागद असतील, शुल्काच्या पावत्या असतील, मशीन कुठून आणलं ते तोंडपाठ असेल. ते कुणीतरी टिपून घ्यायला हवं. आणि माळ्यावर जुना टीव्ही असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका.